चूलबंद आवतण

आईचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर अकरा देश बसले होते. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर अकरा चौकोन होते, कुणाच्या खिडकीत सकाळ, कुणाच्या खिडकीत संध्याकाळ, आणि पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी त्यांना सांगत होते की येत्या रविवारी आपण सगळे पहिल्यांदा एका छपराखाली बसणार. तीन वर्षं आम्ही हे नेटवर्क उभं करत होतो. जगाच्या कानाकोपऱ्यात ज्या लहान लहान कला आहेत, ज्यांना ना थिएटर मिळतं ना तिकीट, त्या करणाऱ्या माणसांनी एकमेकांना ओळखावं, एकमेकांकडं जावं-यावं, अडीनडीला उभं राहावं, एवढीच त्यातली गोष्ट. ती इंग्रजीत लिहिताना बावीस पानं झाली होती. बोलिव्हियातला विणकर होता, सेनेगलमधला ढोल बनवणारा होता, जॉर्जियातल्या डोंगरगावातली नीनो होती, जी आपल्या दोन बहिणींबरोबर तीन वेगळ्या सुरांत एकदम गाते. आणि भारताच्या चौकोनात मी, रत्ना, समन्वयक. हा शब्द मला अजून अंगाला बसलेला नाही. रस्त्यात कुणी त्या नावानं हाक मारली तर मी वळून बघणार नाही.

फोन टेबलावर थरथरला. आई स्वतःहून फोन करत नाही. आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभ्याच्या धरणाच्याही वर. तिथं बोलण्याइतकी रेंज पाहिजे तर घरामागचा चढ चढून पांढऱ्या खडकापाशी उभं राहावं लागतं, आणि आईच्या गुडघ्यांनी चार वर्षांपूर्वीच राजीनामा दिलाय. ती त्या खडकापर्यंत गेली म्हणजे तसंच काही असणार. अकरा देशांना एक मिनिट थांबा म्हटलं, इकडचा आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला.

"तुझं आवतण आलं," आई म्हणाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, हो, कालच गेलंय, सगळ्यांना एकदम. पलीकडं नुसता वारा वाजत राहिला. मग ती म्हणाली, "मला आवतण आलं, रत्ना," आणि मला वाटलं माझं बोलणं तिला ऐकू गेलं नसावं. शेजारच्या धोंडाबाईच्या सुनेनं वाचून दाखवलं म्हणाली, लई चांगलं लिहिलंय म्हणाली, आणि शेवटी, जेवलीस का असं विचारावं तितक्या साध्या आवाजात, "वाडीतनं कुनी यायचं नाय. तेवढं सांगायला चढले व्हते. ठेवते आता, ऊन लई हाय."

मी पडद्याकडं वळले तेव्हा सगळे चौकोन माझ्याकडं बघत होते. काही झालं का, असं नीनोनं विचारलं. तिचं वय साठीचं, तिला चेहरा वाचता येतो. मी काही नाही म्हणाले आणि कार्यक्रमपत्रिकेचं पुढचं पान उघडलं. त्या पानावर मधोमध आमची वाडीच होती. नारायणगावाला लागून वारूळवाडीतलं मंगल कार्यालय घेतलं होतं, चाळीस खुर्च्या गोल मांडायच्या होत्या, आणि त्या गोलाच्या मध्ये रविवारी सकाळी आमच्या वाडीची सोंगं नाचायची होती. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातले मुखवटे, गणपती, वाघोबा, दात पडलेली हसरी म्हातारी, मागं संबळ. लहानपणी चैत्रात ती सोंगं निघाली की बारा वाड्यांची माणसं आमच्या खळ्यात मावायची नाहीत. मी याच सोंगांच्या जोरावर नेटवर्कात शिरले होते. यंदाच्या अर्जात माझ्याच हातानं लिहिलं होतं: लोप पावत चाललेली कला, गेली दोन वर्षं सादरीकरण नाही, कारणं, स्थलांतर, मोबाइल, तरुणांची अनास्था. अकरा भाषांमध्ये त्याचा अनुवाद झाला होता. सेनेगलच्या माणसानं ते वाचून मला खूप हळवं पत्र लिहिलं होतं.

मीटिंग संपल्यावर मी सोनलला आपण वाडीला नेमकं काय पाठवलं ते दाखवायला सांगितलं. सोनल आमच्या ऑफिसातली, मूळची बेल्ह्याची, बैलबाजाराच्या गावात वाढलेली, त्यामुळे तिला माणसं असोत की खुर्च्या, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तिनं फोन पुढं केला. 'आदरणीय ज्येष्ठ लोककलावंत, आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. प्रत्येक गटातून एक प्रतिनिधी अपेक्षित. कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.' यात काय चुकलं मॅडम, असं ती विचारत होती आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. खाली माझा होकाराचा अंगठा होता. मी तो अंगठा बघत बसले आणि माझे कान गरम झाले. एक प्रतिनिधी. माझ्या बापाच्या लेकीनं वाडीला एका माणसाचं आवतण धाडलं होतं.

आमच्याकडं आवतण म्हणजे नुसतं बोलावणं नसतं, त्यात मापं असतात. उंबऱ्यामागं एक, असं आवतण असतं. ते जिथं संबंध राखायचा पण जवळ करायचं नाही तिथं देतात, आणि घेणाराही ते ओळखून कुणीतरी पोरसवदा पाठवून वेळ मारून नेतो. आणि चूलबंद आवतण असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी आमच्याकडं यायचं. सोंगांचं आवतण नेहमी चूलबंद. आणि ते द्यायचा मान आमच्या घराचा. माझे वडील, सावळेराम, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चैत्र लागला की तीन दिवस बारा वाड्या चालायचे. धोतराच्या सोग्यात हळदीच्या अक्षतांची गाठ, डोक्याला धुतलेली टोपी. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्यामागं जायची, पाच वर्षं गेले, मग घोडेगावच्या वसतिगृहात शाळेसाठी ठेवलं आणि ते सुटलं. एरवी दादा चार शब्द बोलले तर त्यातले दोन बैलाशी असायचे. पण त्या तीन दिवसांत त्यांना वाचा फुटायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची लेक नांदायला परत गेली, कुणाच्या नाचणीला पाणी कमी पडलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळी विचारपूस. चौकशीला अर्धा तास आणि आवतणाला अर्धं मिनिट. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, आत जायचं नाही, जोवर घरची बाई अक्षता उचलून चुलीवर ठेवत नाही तोवर. मला तहान लागायची, मी त्यांचं धोतर ओढायची, ते खाली न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तो हात कोरडा आणि उबदार होता. कृपया कळवावे असं त्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

मला वाटलं मला चूक कळली. आईच्या आवाजातला तो सपाटपणा, वाडीचा नकार, सगळ्याचा उलगडा झाला असं वाटलं आणि त्यात जरा बरंही वाटलं, कारण कळलेली चूक दुरुस्त करता येते. मी तीन वर्षं अर्ज आणि अहवाल दुरुस्त करण्यातच काढली होती. त्या संध्याकाळी नीनोला एकटीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली की तिचा आजा लग्नाला बोलवायचं झालं तर समोरच्या डोंगरावर जाऊन हाक मारायचा, आणि ज्याला हाक ऐकू आली नाही त्याच्या दारात स्वतः जायचा, मग शेवटी म्हणाली, तू पडद्यावर काय करतेस, जा. नवऱ्यानंही तेच सांगितलं, आणि पोहे मीच करतो सकाळी म्हणाला, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. गुरुवारी पहाटेच्या एसटीनं मी मंचर गाठलं, तिथून घोडेगाव, आणि पुढं हिरड्याची पोती न्यायला निघालेल्या रिकाम्या जीपमधून वर. मार्चचं धरण ओसरलेलं, कडेकडेनं तपकिरी पट्टे उघडे पडलेले. करवंदीला फुलं होती. काचेतून तो वास आत आला आणि मी उगाचच रडले, ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि गाण्याचा आवाज सभ्यपणे थोडा वाढवला.

आई अंगणात बाळहिरडा पसरत होती. मला बघून ती उठली, गुडघे धरून उठली, आणि आत गेली. मी पायऱ्यांवर चपला काढते तोवर बाहेर आली ती पाट घेऊन. भिंतीशी पाट मांडला. मग चकाकणारा तांब्या आणि फुलपात्र आणलं, जे आमच्याकडं व्याही आले की निघतं. "बसा," ती म्हणाली. मला हसू आलं, मी तिच्या गळ्यात पडायला गेले तर ती बाजूला सरकून पदर सावरत चहा ठेवायला वळली. मी त्या पाटावर बसले. उभ्या आयुष्यात मी या घरात उंबऱ्यावर, उतरंडीला टेकून, जात्यावर, कुठंही बसले, पाटावर कधी बसले नव्हते. चहा बशीसकट आला. साखर पुरे का, असं तिनं विचारलं. मी सोनलची, मेसेजची, प्रतिनिधीची सगळी कथा सांगितली, चूक कबूल केली, माफी मागितली. ती सगळं ऐकून घेत होती, मधूनच हिरड्यातला खडा वेचून टाकत होती. "वाडीचं गेणभाऊला ईचार," ती म्हणाली, "माझं काय, मी कलावंत हाय." मग सासरी सगळे बरे आहेत ना, असं विचारून तिनं विषय बंद केला. माझ्या आईला रागावता येत नाही, तिला फक्त पाहुणचार करता येतो, आणि तो फार लागतो.

गेणभाऊ वाडीतले सगळ्यात जुने. संबळ त्यांच्याकडं आणि सोंगंही त्यांच्याकडंच, पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली. मी गेले तेव्हा ते ओसरीवर वाघोबाच्या जबड्याला नवा रंग देत होते. मी बघतच राहिले. लोप पावत चाललेली कला पिवळ्याधमक ऑइलपेंटचा वास सोडत उन्हात वाळत होती. मागच्या भिंतीशी दोन तरुण पोरं, जी माझ्या अर्जाप्रमाणे मोबाइलमध्ये बुडालेली असायला हवी होती, संबळाची कातडी ताणत होती. मी विचारलं, दोन वर्षं सोंगं का निघाली नाहीत? गेणभाऊंनी ब्रश डब्यात ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की हे मी विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं.

"आवतण कुनी द्यायचं?" ते म्हणाले. "सावळेराम गेला. मान तुमच्या उंबऱ्याचा. दुसऱ्यानं उचलला तर तुज्या आईच्या तोंडावर दार लावल्यागत व्हतं. आन् बिनआवतणाचं कोन येतंय?"

मी म्हटलं, मग आईला सांगायचं होतं, मान दुसऱ्याला दे म्हणून. त्यांनी सांगितलं की गाव बसलं होतं, विचारलंही होतं. मान सोडते का, असं आईला सरळ विचारलं. आई म्हणाली होती, नाय, लेक हाय माझी. एवढंच म्हणून ती भात झोडायला निघून गेली, आणि वाडी थांबली. दोन चैत्र. पोरं दरवर्षी संबळ तापवायची, सोंगं उन्हाला काढायची आणि परत ट्रंकेत ठेवायची. मी पुण्यात बसून त्याच सोंगांच्या मरणाचं टिपण लिहीत होते, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि माझा वळसा तर बोलिव्हियावरून होता. मला तिथंच मातीत बसावंसं वाटलं. आईनं मला कधी काही म्हटलं नव्हतं. दर दिवाळीला डबा भरताना एकदाच विचारायची, चैत्रात जमंल का यायला, आणि मी म्हणायची, मार्चअखेर असते गं, अहवाल असतात.

मी गेणभाऊंना विचारलं, मी लग्न झालेली, सासर जुन्नरकडचं, संसार पुण्यात. लेकीला मान चालतो का? आता प्रश्न रविवारच्या गोलात सोंगं नाचतील की नाही एवढाच उरला नव्हता. त्यांनी ब्रश उचलून वाघोबाच्या मिशीवरून फिरवला.

"आजपत्तुर कुनी लेकीनं ईचारलंच न्हाई," ते म्हणाले. "तू ईचारलंस. आता चालून बघ. उंबरेच सांगतील."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, अगदी सहज. सावळेरामाच्या घरचं आवतण द्यायचं तर ते सावळेरामाच्या खळ्यावरचं द्यायला पाहिजे, वारूळवाडीच्या हॉलचं कसं देणार? मी पांढऱ्या खडकावर चढले आणि सोनलला फोन लावला. रविवारचा कार्यक्रम वर आणायचा, सगळ्या पाहुण्यांना दोन गाड्यांत घालून सकाळी लवकर वाडीत पोचवायचं, मी शनिवारपर्यंत हाती लागणार नाही, तोवर तूच समन्वयक. बेल्ह्याच्या पोरीला साहजिक एकच शंका आली, वर माणसं किती असतील? मी म्हटलं चूलबंद. म्हणजे किती मॅडम? मी म्हटलं, ते मोजत नाहीत. पलीकडून जो सुस्कारा आला तो ऐकून मला तिची फार माया वाटली.

मग तीन दिवस मी चालले. दादांची अक्षतांची डबी आईनं न मागता पाटावर आणून ठेवली होती, पाट अजून तिथंच होता. पहिली वाडी ओढ्यापलीकडची, पहिलं घर प्रयागबाईचं, तिला आता दिसत कमी. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी राहिले आणि तोंडातून काय यावं, तर नमस्कार, आम्ही एक आंतरराष्ट्रीय. तिथंच अडले. पाय पोळत होते. प्रयागबाईनं कपाळावर हात धरून माझ्याकडं बघितलं, पुस्तक विकणारी असावी असं तिला वाटलं असणार, आणि विचारलं, कुन्या घरचं? तीन वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. बावीस पानांत त्याचं उत्तर नव्हतं. दादांचा आवाज मला माझ्याच गळ्यात कुठंतरी सापडला. "सावळेरामाच्या घरचं आवतण हाय," मी म्हणाले. "येत्या ऐतवारी सोंगं. चूलबंद." म्हातारीनं चाचपडत चिमूटभर अक्षता उचलल्या आणि आत गेली. मी ऐकत उभी राहिले. मग तिनं आतून पाणी घेऊन ये असं सुनेला सांगितलं, आणि मी उंबरा ओलांडला.

पुढच्या दोन दिवसांत उंबरे किती झाले ते मी खरंच मोजले नाहीत. बहुतेक घरांत आता गॅस आला आहे. एका बाईनं अक्षता हातात घेऊन इकडं तिकडं बघितलं आणि शेगडीच्या दोन बर्नरांच्या मधोमध ठेवल्या, लाजून हसली. मी विचारपूस विसरले होते, ती हळूहळू जमली. पहिल्या दिवशी बरं हाय का एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हशींची नावं कळायला लागली. तिसऱ्या दिवशी एका घरी मी नुसती त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाचं बोलून पुढं निघाले आणि अर्ध्या उतरणीवरून आवतण द्यायला परत वर गेले. कुठं कुठं लोक म्हणायचे, सावळेराम असाच उभा राहायचा, एका पायावर भार टाकून. मला माझी ही सवय माहीत नव्हती. एका घरात नाही म्हणाले, भाऊबंदकीचं जुनं दुखणं होतं, आणि तिथंही दादा दरवर्षी जायचे हे त्यांनीच मला सांगितलं, म्हणाले, आम्ही दरवर्षी नाही म्हणतो आणि दरवर्षी चहा पाजतो, बस. चालताना मला सारखं वाटत होतं की दादा माझ्यापुढं दहा पावलांवर आहेत, आणि मला त्यांची फार आठवण आली, इतकी ते गेले तेव्हाही आली नव्हती, कारण तेव्हा मी पाहुण्यांसारखी तेराव्याला दोन दिवस येऊन गेले होते.

शनिवारी दिवस कलताना बारावी वाडी संपवून मी घरी आले. डबीत चार दाणे उरले होते. माझ्या मनात एकच उंबरा राहिला होता. आईला आधी नुसता मेसेज पाठवला होता, आता तिला नीट, रीतीनं, सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांहून मनापासून बोलवायचं. मी पायरीखाली चपला काढल्या, आत न जाता उभी राहिले आणि हाक मारली. आई हात पुसत दारात आली. मी डबी पुढं धरली आणि म्हणाले, सावळेरामाच्या घरचं आवतण हाय. तिनं माझ्याकडं बघितलं, डबीकडं बघितलं. अक्षता उचलल्या नाहीत. "पाय धू, लई धूळ झालीया," ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी डबी घेऊन तशीच उभी राहिले. बारा वाड्यांनी मला घेतलं होतं आणि माझ्या घरानं नाही. जेवल्यावर ती माझ्या पायांना तेल लावत होती, टाचांना पडलेल्या भेगा बघून चुकचुकत होती, पण त्या गोष्टीवर एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. माझ्यात तेवढं धैर्य उरलं नव्हतं. उद्या दोन गाड्या भरून अकरा देश येतील, संबळ वाजेल, आणि ही बाई, जिच्या गाण्याशिवाय हसऱ्या म्हातारीचं सोंग निघत नाही, आत हिरडा निवडत बसेल, एवढंच मनात घोळत राहिलं.

सकाळी जाग आली ती शांततेनं. आमच्या वाडीला उजाडतं ते धुरानं. गॅस आले तरी पाणी तापवायला चूल असतेच, आणि उताराच्या घराघरांतून निळसर रेघा वर चढतात. मी अंगणात आले आणि खाली बघितलं. एकाही घरातून धूर नव्हता. ओढ्यापलीकडं प्रयागबाईच्या वाडीवर बघितलं, तिथंही नाही. समोरच्या डोंगराच्या कुशीत तीन वाड्या आहेत, त्यांच्यावर स्वच्छ, धुतल्यासारखं आकाश. पहिल्यांदा मी घाबरलेच, वाटलं काही वाईट झालं की काय, माणसं गेली कुठं. मग खालच्या वाटेवर लुगड्यांचे रंग दिसायला लागले, कडेवरची पोरं, काठ्या टेकत येणारे म्हातारे, डोक्यावर पातेली. बारा वाड्यांनी चुली बंद ठेवल्या होत्या. आणि माझ्या मागं काहीतरी आदळलं म्हणून वळले, तर आई गुडघ्यांच्या नावानं खडे फोडत अंगणातल्या मोठ्या चुलाण्यात लाकडं रचत होती. भाताचा हंडा तिनं कधी बाहेर ओढला होता कुणास ठाऊक. भिंतीशी मांडलेला पाट तिनं उचलून ठेवला होता.

मी म्हणाले, आई, तू काल अक्षता घेतल्या नाहीस. ती लाकूड सारत होती, तिचा हात थांबला. मग ती कंबरेला खोचलेला तिचा छोटा फोन काढून माझ्याकडं धरत म्हणाली, "घरच्याला आवतण नस्तं, येडे. आवतण परक्याला देत्यात. तू मला फोनवर दिलंस, आन् मग दारात बी आलीस द्यायला." तिचा आवाज फुटला, तो तिनं लगेच खाकरून सरळ केला. मला आठवलं, आठ वर्षांची असताना मी रुसले होते, बारा वाड्यांना आवतण आणि आपल्याच घराला का नाही म्हणून, आणि दादा हसत सुटले होते, आईही हसली होती, चुलीपुढं बसून, तोंडावर पदर घेऊन. मी तिच्या पायाशी बसले. तिचा गुडघा दाबत राहिले, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोही कोरडा आणि उबदार होता.

"ते आदरनीय का काय हाय ते पूस आधी," ती म्हणाली. मी मेसेज पुसला. तिनं माझ्या हातात काड्यापेटी दिली. मी म्हटलं, आपल्याकडं चूल पेटवायची? आज तर चूलबंद आहे. आई माझ्याकडं बघून मान हलवायला लागली, अकरा देशांना बोलावून बसली पण एवढं कळत नाही या पोरीला, अशी.

"आपली चूल बंद ठिवायची नस्ती," ती म्हणाली. "आपुन बोलावनारं."

खालच्या वळणावर गाड्यांचा हॉर्न वाजला आणि कुणीतरी, बहुधा नीनोनं, डोंगराकडं तोंड करून लांबच लांब हाक मारली. मी वाकून काडी लावली. त्या सकाळी बारा वाड्यांत धूर एकाच घरातून निघाला, आमच्या.